आईपेक्षा लेक मोठा

परवा दुपारी टीव्हीवर 'वास्तव' लागला होता. कितव्यांदा, देव जाणे. रघू गळ्यातली पन्नास तोळ्यांची साखळी आईला दाखवतो तो सीन आला आणि माझी निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली. पोरगा हाताबाहेर गेलाय हे रीमाताईंच्या नुसत्या डोळ्यांत दिसतं.

मग सहज हिशोब केला. रीमा लागूंचा जन्म जून १९५८चा, संजय दत्तचा जुलै १९५९चा. मायलेकांत तेरा महिन्यांचं अंतर! पाठची भावंडं म्हणून खपली असती.

'मैंने प्यार किया' आला १९८९ साली. तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या आणि 'लेक' सलमान त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. मला एकतिसाव्या वर्षी सोसायटीतल्या एका मिसरूड फुटलेल्या पोराने 'काकू' म्हटलं होतं, तर मी दोन दिवस धुमसत होते. (नवऱ्याने तेव्हा हसायला नको होतं.)

याच रीमाताई मराठी रंगभूमीवर 'पुरुष' आणि 'सविता दामोदर परांजपे' करत होत्या. ज्यांनी ती नाटकं पाहिलीत त्यांना विचारा. इकडे अख्खी बाई आणि तिकडे नुसती आई, तीही बहुतेकदा डोळे पुसणारी.

हे काही त्यांच्यापासून सुरू झालं नाही. सुलोचनादीदींचा जन्म १९२८चा. 'वहिनींच्या बांगड्या'ची ही नायिका १९७०च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये देव आनंद आणि प्राण या दोघांची आई झाली. देव आनंद तिच्याहून पाच वर्षांनी मोठा, प्राण तर आठ! राखीचं तर काय सांगावं? १९७६च्या 'कभी कभी'त अमिताभची प्रेयसी आणि सहा वर्षांत 'शक्ती'मध्ये त्याचीच आई. वयाने ती त्याच्याहून जवळजवळ पाच वर्षांनी लहान. २००५च्या 'वक्त'मध्ये शेफाली शाह अक्षय कुमारची आई आहे. शेफाली १९७३ची, अक्षय १९६७चा.

कुणी म्हणेल, अभिनय आणि मेकअप मग कशासाठी असतो? मान्य. आपल्या हौशी नाटकांत विशीतली पोरं टाल्कम पावडर लावून आजोबा होतातच की. पण हिंदी सिनेमात ही पावडर बायकांच्याच केसांना लागते. हिरो पन्नाशीला आला तरी त्याला नवी, पंचविशीतली नायिका मिळते आणि त्याची जुनी नायिका एक तर घरी बसते, नाही तर त्याच्या आरतीचं ताट धरते. मला राग येतो तो याचा. शेफालीला 'दिल्ली क्राइम'मध्ये पोलीस अधिकारी म्हणून मध्यभागी उभं राहायला २०१९ उजाडावं लागलं, तेही ओटीटीवर.

रीमाताई २०१७च्या मे महिन्यात गेल्या, हातात हिंदी मालिका सुरू असताना. अठ्ठावन्न हे काय जायचं वय?

त्यांचं माझं सगळ्यात लाडकं काम मात्र 'तू तू मैं मैं'मधली सासू. सून झालेली सुप्रिया त्यांच्याहून नऊच वर्षांनी लहान, म्हणजे वयाचा घोळ तिथेही होताच. पण त्या सासूला जीभ होती, खोड्या होत्या, हेका होता. आमच्याकडे आजी आणि आई शेजारी शेजारी बसून ती मालिका बघायच्या. जाहिराती लागल्या की दोघी एकमेकींकडे न बघता हसायच्या.