ट्रॉलीच गेली ना?

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहू नये म्हणून दुपारपर्यंत फोन लांब ठेवला होता, पण राहवत नाही.

रात्री आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला एका पोराची ट्रॅक्टरची ट्रॉली चोरीला गेली. पंचविशीतला पोरगा, डोक्यावर वडील नाहीत. सोसायटीचं कर्ज काढून मागच्या हंगामात डबल ट्रॉली घेतलेली, त्यातली एक. त्यानं गावच्या ग्रुपवर फोटो टाकला, "कुणाला दिसली तर कळवा." त्यावर पहिलं उत्तर काय आलं? "ट्रॉलीच गेली ना, ट्रॅक्टर शाबूत हाय न्हवं? मग सोड." आणि त्या उत्तराला चार अंगठे.

मला तो 'च' झोंबलाय. ट्रॉली'च'. जसं काही घमेलं गेलंय.

वाळवा तालुक्यातल्या माणसाला ट्रॉली म्हणजे काय हे सांगायची वेळ यावी? ट्रॅक्टर नुसता उभा राहून पोट भरतो का? ऊस ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून कारखान्याला नेतो का कुणी? शेणखत, वीट, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, देवाची पालखी, सगळं जातं कशातून? दोन लाखांच्या पुढं पैसे मोजल्याशिवाय आज धड ट्रॉली अंगणात येत नाही. आणि ती आपण रात्री कुठं ठेवतो? रस्त्याकडेला, उघड्यावर, चाकाला एक दगड लावून.

मी हे कुणाला शिकवायला लिहीत नाही. मी तेच केलं होतं.

आमची ट्रॉली डिसेंबर २०२२ ला गेली. सकाळी ऊसतोडीची टोळी भरणार म्हणून आदल्या संध्याकाळी मीच रानात सोडली होती. पिन काढली, ट्रॅक्टर घरी आणला, झोपलो. पहाटे पाचला आमच्या आण्णांचा फोन, "ट्रॉली तू हलीवलीस का रं?" मी गाडीला किक मारून पोचलो तर आण्णा उसाच्या वाळल्या पाल्यावर, पाचटावर, उकिडवे बसलेले. सगळीकडं दहिवर पडलेलं, बॅटरीच्या उजेडात पाचट नुसतं चमकत होतं. मधेच ट्रॉलीएवढा एक चौकोन कोरडा. आण्णांनी माझा हात धरला आणि त्या चौकोनावर टेकवला. "हात लाव. कोरडं हाय बघ. म्हंजे आत्ताच गेली."

चाकाला लावलेला दगड तिथंच होता. कुणीतरी हातानं उचलून नीट बाजूला ठेवलेला.

मी फाट्यापर्यंत गाडी पळवली. हंगामाचे दिवस, कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग. प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं ट्रॉली, प्रत्येक ट्रॉली तांबडी नाहीतर निळी, धुळीनं सगळ्या सारख्याच. कुठली थांबवू? कुणाला विचारू? ट्रॉली चोरायला हंगामासारखा मोका नाही. एरवी रात्री दोनला रिकामी ट्रॉली ओढत कुणी निघाला तर कुत्री भुंकतील, माणसं विचारतील. हंगामात कुणी मान वर करून बघत नाही. ट्रॅक्टरला निदान किल्ली तरी लागते, ट्रॉलीला काय लागतं? ट्रॉलीच्या पुढच्या दांड्याचं कडं ट्रॅक्टरच्या हुकात घालायचं, पिन सोडायची, चालू पडायचं. दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणि म्हणूनच मला जास्त त्रास होतो, की ट्रॉली ओढून न्यायला चोराकडं ट्रॅक्टर असावाच लागतो. म्हणजे हा कुणी रात्रीचा भुरटा नाही. याला हुक कळतो, दांडा कळतो, कुणाचा उसाचा प्लॉट कधी तुटणार हे कळतं. आपल्यातलाच आहे तो. आज सकाळी पण दोघातिघांनी लगेच टोळीवर बोट दाखवलं, "बीडची माणसं, काय भरवसा." लाज वाटू द्या. त्यांच्या खोपीत ताडपत्री आणि भांडी सोडून काय असतं? ट्रॅक्टर आहे त्यांच्याकडं? आमची गेली त्या पहाटे आण्णांनी पहिलं टोळीच्या मुकादमाला उठवलं आणि टोळीतली सहा माणसं कोयते टाकून चारी वाटांनी पळाली होती शोधायला. त्या दिवसाचा त्यांचा खाडा झाला. गावातले किती आले, ते मी सांगत नाही.

मग तक्रार. कुठल्या ठाण्यात ते लिहीत नाही, तो विषय नाही. पहिला प्रश्न, "ट्रॉलीचे कागद?" आमच्याकडं ट्रॅक्टरचे कागद होते, ट्रॉलीचे नव्हते. आण्णांनी २००६ ला घेतली तेव्हा कुणी काढले नाहीत, नंतर आम्ही काढले नाहीत. नऊ दिवस नुसत्या अर्जावर ठेवलं, दहाव्या दिवशी गुन्हा लिहून घेतला. त्यात काय लिहिलं माहितीये? "लोखंडी ट्रॉली, १ नग." आण्णा तो कागद वाचून बाहेरच्या बाकावर बसून राहिले. एक नग.

हां, कागद नव्हते ही चूक आमचीच. ती मान्य.

पण जरा ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी आहे, वेगळा नंबर आहे, तो ट्रॉलीच्या बाजूला लिहायचा आहे, आणि शेवटच्या ट्रॉलीच्या मागं ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर लावायचा आहे. आता उद्या कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून बघा, ट्रॉलीच्या किती फाळक्यांवर, म्हणजे कडेच्या पत्र्यांवर, आपल्या सांगलीचं एमएच १० दिसतं. "आईचा आशीर्वाद" दिसेल, नंबर दिसणार नाही. चोरानं रातोरात रंग मारला की तुमची ट्रॉली कशी ओळखणार? पोलिसांनी तरी कशी ओळखायची? विम्याचंही तेच. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉली वेगळी लिहून घ्यावी लागते, आणि थर्ड पार्टी विम्यात चोरी बसतच नाही. आम्हाला हे ट्रॉली गेल्यावर कळलं.

आता त्या 'च' वाल्यांसाठी. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय का? सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आपल्या गावात होड्या यायच्या आधी दोन दिवस काय चालू होतं? ट्रॅक्टर-ट्रॉली. आमची हीच ट्रॉली. आसापर्यंत पाणी, आण्णा ट्रॅक्टरवर, मी पुढं कमरेएवढ्या पाण्यात काठीनं रस्ता चाचपतोय. बाया, लेकरं, शेरडं, सोसायटीची दप्तरं पोत्यात बांधून, सगळं तिच्यातून वरच्या शाळेत नेलं. ज्यानं सकाळी ते उत्तर टाकलं त्याची आजी वाकळेवर बसून त्याच ट्रॉलीतून गेली. फाळक्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, उतरताना सोडेना. नाव घेत नाही. पण वाचशील तेव्हा आजीला विचार, ट्रॉलीच होती का ती.

राग शब्दात उतरतोय, मला कळतंय. असू दे.

खरं सांगायचं तर माझे डोळे गावात नाही, हायवेवर उघडले. गेल्या सप्टेंबरात कराडजवळ एका हॉटेलवर चहाला थांबलो होतो. बंगळुरूकडचं एक जोडपं, कासची फुलं बघायला निघालेलं. जीपच्या मागं ओढायची छोटी कॅम्पिंगची गाडी, आत झोपायला गादी, मागं ओटा. जेवायला आत जायच्या आधी त्या माणसानं गाडी जीपपासून सोडली, भिंतीला तोंड करून लावली आणि कामाला लागला. पुढच्या दांड्याच्या तोंडात एक गोळा घातला आणि वरून कुलूप, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीचा हुक तिथं बसायलाच नको. चाकाला पिवळा लोखंडी चिमटा. मग खाली वाकून काहीतरी बघितलं. मी विचारलं तर म्हणाला, जीपीएस लावलंय, त्याची बॅटरी बघतोय. अर्ध्या तासाच्या जेवणासाठी एवढं! त्याचं म्हणणं साधं होतं, की मोडता येत नाही असं कुलूप नाही, पण तीन कुलपं मोडायला चोराकडं वेळ नसतो.

मी चहा तसाच ठेवून तिथं उभा राहिलो. वर्षातून चार वेळा हौसेनं बाहेर निघणारी गाडी, आणि तिला तीन कुलपं. आमचं वर्षाचं पोट जिच्यावर, तिला एक दगड.

कुणी म्हणेल, त्याच्याकडं पैसा आहे. असेल. पण कुलपाला पैसा लागत नाही, गावातला वेल्डर लागतो. मी त्याच आठवड्यात नव्या ट्रॉलीचं करून घेतलं. दांड्याच्या कड्यातून बोटाएवढा जाड बोल्ट आरपार, दोन्ही बाजूंनी पट्टी, पट्टीच्या आत कुलूप लपलेलं. कडं भरलेलं असलं की कुठलाच हुक त्यात जात नाही. कुलूप असं बघून घेतलं की त्याची कडी बाहेर कमीत कमी दिसेल, कुलूप तोडायच्या कटरचं तोंड बसायला जागा नको. चाकाच्या डिस्कच्या भोकातून साखळी, ती आसाला वेढा देऊन लिंबाच्या खोडाला. आणि साखळी जमिनीवर लोळू द्यायची नाही, ताणून वर धरायची. जमिनीवर असली की कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर अंगाचा भार टाकता येतो आणि साखळी काकडीसारखी तुटते. हे मला वेल्डरनं करून दाखवलं, आमच्याच जुन्या साखळीवर.

जीपीएस लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. ट्रॉलीला स्वतःची बॅटरी नसते, त्यामुळं ट्रॅक्टरला बसवतात ते यंत्र तिथं चालत नाही. स्वतःची चार्जिंगची बॅटरी असलेलं घ्या. बंद चॅनलच्या आत कोंबू नका, चारी बाजूंनी लोखंड आलं की सिग्नल मिळत नाही. आणि सिमचं रिचार्ज संपलं की ते यंत्र म्हणजे नुसता डबा.

पण माझ्या मते या सगळ्याच्या वर एकच गोष्ट आहे, खूण. कंपनीनं ठोकलेला चासी नंबर तसाच राहू द्या, त्याला हात लावायचा नाही. तोच नंबर आणखी दोन जागी लेटर पंचनं, म्हणजे लोखंडावर अक्षरं उमटवायच्या ठशांनी ठोका, एक आसाजवळ आणि एक साट्याच्या, म्हणजे ट्रॉलीच्या तळाच्या खाली, जिथं रंगाचा ब्रश जात नाही अशा ठिकाणी. आणि फोटो काढून ठेवा. नव्याचे नाही, जखमांचे. कुठं पोचा आलाय, कुठं वेल्डिंग केलंय, कुठला पाटा बदललाय. आमची ट्रॉली मला आजही डोळे मिटून ओळखता येईल, डाव्या फाळक्याची बिजागरी पुरात वाकली होती. पण त्याचा एक फोटो नव्हता माझ्याकडं. तोंडानं सांगितलेलं कोण ऐकतो?

आणि जे घेतात त्यांना काय म्हणायचं? दोन लाखांची ट्रॉली कुणी साठ हजाराला, कागदाशिवाय, रात्री आणून देतो, तेव्हा तुम्हाला खरंच कळत नाही? कळतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ आहे आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला ३१७. दोघांनाही तीन वर्षांपर्यंत आत बसायची तरतूद आहे. मला चोरापेक्षा या गिऱ्हाइकाचा राग जास्त येतो. तो आमच्याच पंगतीला बसतो, आमच्याच मयताला येतो, आणि कुणाच्या तरी रानातला कोरडा चौकोन त्याच्या वस्तीवर रंग मारून उभा असतो.

आमची ट्रॉली सापडली नाही. तो हंगाम आम्ही भाड्याच्या ट्रॉलीवर काढला, मिळालं ते भाड्यातच गेलं. नवी घेतली २०२३ ला, कागदासकट. आण्णा आता सत्तरीला आलेत, नीट दिसत नाही. तरी रोज रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन लिंबाखाली जातात. कुलूप ओढून बघतात. मग साखळीवरून हात फिरवतात, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मी एकदा म्हटलं, "आण्णा, मी लावलंय की." तर म्हणाले, "तू लावलंयस. मी बघतोय." तो जुना दगड त्यांनी रानातून उचलून आणलाय. लिंबाच्या बुंध्याला ठेवलाय, त्यावरच बसतात.

आज सकाळी मी त्या पोराकडं गेलो तेव्हा आण्णा पण आले. गर्दी होती, जो तो काही ना काही सांगत होता. आण्णा कुणाशी बोलले नाहीत. चाकोऱ्यांपाशी गेले, खाली बसले आणि मधल्या पाचटावर हात टेकवला. ओलं होतं. "लई वेळ झालाय," एवढंच म्हणाले. मग त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून, "चल, आधी गुन्हा नोंदवून येऊ. अर्जावर थांबायचं न्हाई." दोघं माझ्या गाडीवर बसून गेले. पोराकडं ट्रॉलीचे कागद आहेत, बरं का. त्यानं पहिल्याच दिवशी काढलेत. जमलं तर त्याच्या ट्रॉलीचा फोटो पुढं पाठवा, फाळक्यावर पिवळ्या रंगात नंबर आहे आणि मागच्या उजव्या कोपऱ्याला वेल्डिंगचा ठिगळ आहे.

रविवारी सकाळी सात वाजता मी मारुतीच्या देवळासमोर बसणार आहे. लेटर पंच, हातोडा, ग्राइंडर माझा. वेल्डर यायला तयार झालाय, कड्याच्या बोल्टचे फक्त लोखंडाचे पैसे घेईल. ट्रॉली घेऊन या, जुनी असो नवी असो. कागद नसतील त्यांनी ट्रॅक्टरचे कागद आणि ट्रॉलीची पावती असेल तर ती आणा, आरटीओचं काय करायचं ते बसून बघू. ज्यानं सकाळी उत्तर टाकलं त्यानं पण यावं, त्याच्या दारात दोन ट्रॉल्या आहेत आणि दोन्ही रात्री रस्त्यावर असतात. चहा आमच्या घरचा.