सरकारी टेंडर कसं मिळवावं : नऱ्हे-धायरीच्या उद्योजकांना फुकट सल्ला

नऱ्ह्यात तुमची शेड आहे, चार वेल्डर आहेत, शाळेची बाकं बनवता, वर्षाची उलाढाल ८० लाखांच्या आसपास, आणि कुठल्यातरी लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलंय की अरे सरकारी कामं घे, पैसा बुडत नाही. काका बरोबर आहेत. बुडत नाही, फक्त वर यायला वेळ लागतो.

सुरुवात उद्यम रजिस्ट्रेशनने, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीने करा. ते ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, म्हणून एजंटकडूनच करून घ्या आणि त्याला पैसे द्या, म्हणजे पुढच्या सगळ्याची सवय लागते. सर्टिफिकेट आलं की तुम्ही अधिकृतपणे सूक्ष्म. पण एवढ्यात फुशारू नका, एप्रिल २०२५ पासून १०० कोटी उलाढालीपर्यंतचा माणूस 'लघु' धरतात आणि बऱ्याच सवलती 'सूक्ष्म व लघु' अशा एकत्रच असतात, म्हणजे रांगेत तुमच्या पुढे जो बिचारा छोटा उद्योजक उभा आहे त्याची गाडी पार्क करायलाच तुमच्या शेडएवढी जागा लागते.

आता कायदा. कायदा आपल्याकडे फार सुंदर आहे हो, खरंच. २०१२ च्या खरेदी धोरणात लिहिलंय की केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी तुमच्यासारख्यांकडून करावी. बयाणा रक्कम माफ. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेट भरणारी, जर मोठी कंपनी निघाली आणि तुमचा रेट तिच्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत जास्त असला, तर तिच्या रेटला यायची तयारी दाखवून तुम्हाला ऑर्डरचा हिस्सा मिळू शकतो. हे सगळं प्रिंट काढून, लॅमिनेट करून शेडमध्ये देवाच्या फोटोखाली लावा. टेबलावर मात्र वाचून दाखवू नका. समोरचे साहेब शांतपणे म्हणतील, "हे केंद्राचं आहे, आपलं लोकल आहे." आणि ते चूकही नाहीत, धोरण केंद्राच्या खात्यांनाच बांधील आहे. मग केंद्राकडे जा ना, खडकी, देहूरोड, दापोडी, पुण्यात लष्कराच्या काय कमी जागा आहेत का! तिथे जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल आहे, २०१६ पासून सगळं पारदर्शक, तुमचा नंबर का लागला नाही ते आरपार दिसतं.

नंबर न लागायचं कारण बहुतेक वेळा अनुभव. गेल्या ३ वर्षांत असाच माल सरकारी खात्याला पुरवल्याचा दाखला जोडा म्हणतात. दाखला मिळायला काम लागतं आणि कामाला दाखला. नियमात सूक्ष्म-लघुंना अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करता येते, पण 'करता येते' म्हणजे 'केली' नव्हे, हे मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला तरी कळायला पाहिजे.

स्पेसिफिकेशन नीट वाचा. बाकाची उंची, पाइपची जाडी, प्लायचा प्रकार, रंगाची शेड, पायाला लावायच्या रबरी बुटाचा आकार इतका बारकाईने दिलेला असतो की वाटतं कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये बसून टेप लावून मापं घेतलीत. शंका असेल तर प्री-बिड मीटिंगला विचारा. उत्तर शुद्धिपत्रकात येतं. शुद्धिपत्रकात मुदत वाढवलेली असते, बूट तोच असतो.

टेंडर भरताना डिजिटल सही लागते, क्लास थ्री, पेन ड्राइव्हसारखा टोकन मिळतो. तो लॅपटॉपला लावला की दिसत नाही, दिसला की ड्रायव्हर मागतो, ड्रायव्हर टाकला की जावा जुना निघतो, जावा नवा टाकला की पोर्टलला जुनाच हवा असतो, आणि हे सगळं शेवटच्या दिवशी दुपारी करा कारण मजा तेव्हाच आहे. तांत्रिक लिफाफा वेगळा, आर्थिक लिफाफा वेगळा. आणखी कुठल्या पाकिटाचा टेंडरमध्ये उल्लेख नसतो.

रेट किती भरायचा? एस्टिमेटच्या २० टक्के बिलो जा. इतके सगळे बिलो जातात म्हणजे एस्टिमेट कुणी आणि कसं काढलं असेल, असले प्रश्न टेंडर न भरणाऱ्या लोकांना पडतात.

समजा लागलं. वर्क ऑर्डर मार्चच्या मध्यात येईल आणि माल ३१ तारखेच्या आत हवा असेल. वेल्डरांना रात्रपाळी लावा, टेम्पो लावा, बाकं पोचवा, पोच घ्या. बिल द्या. मग आरामात कार्यालयासमोरच्या अमृततुल्यमध्ये आपली जागा बघून ठेवा, कारण साहेब साइटवर आहेत, साहेब मुंबईला मीटिंगला आहेत, फाइल लेखा विभागात आहे, लेखा विभागाने शेरा मारलाय, शेरा काय आहे ते साहेब आले की कळेल.

इथे परत कायदा मदतीला येतो. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा म्हणतो, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. सावकारसुद्धा लाजेल! तक्रारीला समाधान पोर्टल आहे, तिथून प्रकरण थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं, आणि कौन्सिलच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. शिवाय इन्कम टॅक्सचं ते २०२४ मध्ये ४३बी-एच नावाने आलेलं कलम, ज्यात छोट्यांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत. त्याला कापड बाजारातले व्यापारी घाबरले. तुमचं गिऱ्हाईक इन्कम टॅक्सच भरत नाही, ते कशाला घाबरतंय.

तेव्हा व्याजाचं गणित एक्सेलमध्ये जरूर करा, बायकोला दाखवा, दोघं मिळून खूश व्हा आणि फाइल सेव्ह करून बंद करा. कारण पुढच्या वर्षी ते ३ वर्षांच्या अनुभवाचं कलम परत येणार आहे, आणि 'काम समाधानकारक' असा दाखला ज्यांच्यावर तुम्ही समाधान पोर्टलवर तक्रार करणार तेच देणार आहेत. दाखल्याचा अर्ज साध्या पानावर, दोन ओळींचा करा. थकलेल्या बिलाचा विषय त्यात आणू नका, त्यासाठी वेगळं पत्र लिहा, आणि ते इनवर्डला देऊ नका.