टेलचं घर

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी नळातून आधी हवा आली, मग चूळभर गढूळ पाणी, मग गल्लीतल्या पाणी ओढायच्या मोटारींचा आवाज. पाण्याचा दिवस होता. सोलापूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि त्या दिवसाला असं नाव आहे. त्या दिवशी गावाला जायचं नाही, पाहुणा बोलवायचा नाही, आणि नवरा-बायकोनं भांडायचं नाही, कारण पिंप उचलायला दोघं लागतात.

मी राज्यशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली 19 वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात टॉवेलच्या डझनांचा हिशेब लिहितो. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज मला वर्गात कळला नव्हता. कळला तो दारात मोटार बसवल्यावर.

झालं असं. चावीवाल्यानं चावी फिरवली की पाणी आधी गल्लीच्या तोंडाला येतं, मग मधल्या घरांना, मग शेवटी. कालव्यावरच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हेडला भरपूर, टेलला थेंब. कधीतरी मधल्या एका घरानं थेट लाइनवर अर्ध्या एचपीची मोटार लावली. शेजारच्याची धार बारीक झाली, त्यानंही लावली. दोन महिन्यांत अख्ख्या गल्लीत मोटारी. गंमत बघा, गल्लीत येणारं पाणी तेवढंच राहिलं. वाढलं ते फक्त लाइटबिल. आणि आता एकट्यानं मोटार काढली तर तो सज्जन ठरत नाही, येडा ठरतो. मी काढून बघितली आहे. दोन पाळ्या. नंतर बायकोनं एक शब्द न बोलता ती परत जोडून घेतली.

आपल्याकडं याला मत्स्यन्याय म्हणतात. कौटिल्यानं म्हटलंय, शांतिपर्वातही आहे: राजदंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला खातो. पण आमच्या गल्लीत मोठा मासा कुणीच नाही. कारकून, रिक्षावाला, शिंपी, एक निवृत्त मास्तर. हॉब्जची खुबी इथं आहे. त्यानं 1651 साली आपला ग्रंथ 'लेव्हायथन' लिहिला तेव्हा मागं इंग्लंडमधलं यादवी युद्ध होतं, राजाचं डोकं उडवून दोन वर्षं झाली होती, आणि हा फ्रान्सला पळालेला. त्याचं म्हणणं, माणसं साधारण सारख्याच ताकदीची असतात आणि म्हणूनच एकमेकांना भितात. वाईट कुणीच नाही. भ्यालेले सगळे. तेव्हा सगळ्यांनी आपापलं बळ एकाच्या हवाली करावं आणि त्यानं सगळ्यांना धाकात ठेवावं.

पानटपरीवर हाच हॉब्ज रोज ऐकू येतो. "आपल्या लोकांना दंडुकाच पाहिजे बे, त्याशिवाय सुधरत नाहीत." आणि असं बोलणारा बऱ्याचदा चार हुतात्मा चौकापासून हाकेच्या अंतरावर उभा असतो.

1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव सोलापूर पेटलं. 8 मे रोजी गोळीबार झाला, चौक्या आणि कोर्ट जळलं, पोलीस मारले गेले. ते लपवू नये. पण त्यानंतर 9 ते 11 मे शहरात इंग्रजांचा पोलीस नव्हता आणि काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभं राहून वाहतूक सांभाळत होते. हॉब्जच्या हिशेबानं त्या तीन दिवसांत या गावानं एकमेकांची घरं फोडायला हवी होती. धाक परत आला तो 12 मे रोजी, मार्शल लॉच्या रूपानं, आणि त्यात गांधी टोपी घालणं हाही गुन्हा झाला. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. दंडुका पाहिजे म्हणणाऱ्यांनी दंडुक्याचा हा हिशेबही मांडावा.

तरी खरं सांगू? तीन दिवस सोपे असतात. तीन दिवस सगळ्यांचं शत्रूवर लक्ष असतं. दर पाचव्या रात्री, वर्षानुवर्षं, झोपमोड करून चांगलं वागायचं, ही गोष्ट वेगळी.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एकानं बोअर घेतलाय. त्याला बोललं की म्हणतो, "जागा माझी, पैसे माझे, माझ्या खालचं पाणी माझं." कायद्यानं तो अगदीच चुकीचा नाही, 1882 च्या सुखाधिकार कायद्यात जमिनीच्या मालकाला तिच्याखालचं पाणी घ्यायचा हक्क मानलेला आहे. खासगी मालमत्तेची बाजू मांडणारा मोठा इंग्रज विचारवंत जॉन लॉक. त्याचा आधार हा शेजारी घेऊ शकेल (नाव माहीत असतं तर). पण लॉकनं 1689 मध्येच एक अट घालून ठेवली होती: घ्या, पण इतरांना पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. उदाहरणही पाण्याचंच दिलं. कुणी नदीतून घटाघट प्यायला तर दुसऱ्याचं काय बिघडतं, अख्खी नदी उरली आहे की! लॉकला नदी आटताना दिसली नव्हती. त्यानं उन्हाळ्यात भीमेचं पात्र बघितलं असतं तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं असतं.

पाणी कसं वाटायचं, याच्याही आधीचा प्रश्न आपल्याकडच्या माणसांनी विचारला, आणि तो आमच्या अभ्यासक्रमात शेवटच्या घटकात, घाईघाईनं उरकायला ठेवलेला होता. वाटणीत धरायचं कुणाला? 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेनं तो मान्यही केला, आणि पाण्याला हात लावायची सोय मात्र नव्हतीच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. डिसेंबरच्या परिषदेत ते म्हणाले की हे पाणी प्यायलो नव्हतो म्हणून आम्ही मेलो नव्हतो, इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत हे दाखवायला निघालोय. त्या सभेची तुलना त्यांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. मला ही तुलना विद्यार्थी असताना फुगवलेली वाटायची. आता वाटत नाही. राज्य म्हणजे माणसांनी आपसांत केलेला सामाजिक करार, असं म्हणणाऱ्या युरोपातल्या पंडितांनी करार कसा करायचा ते सांगितलं, करार करायला कोण बसलंय ते गृहीत धरलं.

हे मी मोठ्या तोंडानं सांगतोय, तर पुढचंही सांगतो.

मार्चमध्ये गल्लीची बैठक घेतली. मास्तरांच्या ओट्यावर, मीच पुढाकार घेऊन. डोक्यात अमेरिकन विचारवंत जॉन रॉल्स होता. 1971 च्या ग्रंथात तो म्हणतो, नियम ठरवताना असं समजा की आपण कोण, कुठल्या घरात जन्मणार, हे आपल्याला माहीत नाही. मग प्रत्येक जण सगळ्यात वाईट जागेचा विचार करून नियम करील. मी नाव न घेता मांडलं: समजा उद्या चिठ्ठ्या टाकून घरं वाटायची आहेत, तुम्हाला टेलचं घर आलं तर? म्हणून पहिला अर्धा तास कुणीच मोटार लावायची नाही. रिक्षावाला अण्णा शांतपणे म्हणाला, "साहेब, घरं तर ठरलेलीच आहेत की. चिठ्ठी कशाला?" रॉल्सवर इतकी नेमकी टीका मी एम.ए.त वाचली नव्हती. तरी लोकांनी नियम मानला. चहा झाला, कुणीतरी शेंगा आणल्या, मी फुगून घरी आलो.

टेलच्या खोलीत एक विडी वळणाऱ्या मावशी राहतात, भाड्यानं. नळाला धार चढत नाही म्हणून त्यांनी दारात कंबरभर खड्डा केलाय. त्यात उतरून, पाइपाच्या तोंडाला ग्लास लावायचा आणि घागर भरायची. साठ-सत्तर ग्लासांना एक घागर. दिवसभर मांडीवर सूप, पान कातरायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजाराच्या हिशेबानं. रात्री हे.

बैठकीला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "भाडेकरूला कशाला?" असंही कुणी म्हणालं नाही. त्या कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. माझ्याही नाही.

नियम पाच पाळ्या चालला. सहाव्या पाळीला हेडकडून एक मोटार लवकर वाजली, लगेच दुसरी. मी अंधारात बटणावर बोट ठेवून उभा होतो, कान देऊन. तिसरी माझी होती.

सकाळी मावशी दारात आल्या. वाटलं, आता भांडण. त्या म्हणाल्या, "मिटिंग झाली म्हणे. ते राहू द्या. तुमची मोटार किती वाजता बंद होती तेवढं सांगा, तोवर मी झोपते."

मी सांगितलं, पावणेतीन.