माननीय एजंटसाहेबांस, सप्रेम नमस्कार वि. वि.

कादंबरी लिहून झाली ना? मग अवघड काम संपलं. आता नुसतं एक पत्र लिहायचं.

मराठीत ही भानगड फारशी नसते. आपला लेखक बाड पिशवीत घालतो आणि थेट प्रकाशकाच्या दारात उभा राहतो. अप्पा बळवंत चौकात असे पिशवीवाले चालीवरून ओळखू येतात. पण तुम्ही पडलात इंग्रजीत लिहिणारे, आणि नजर लंडनवर. तिथल्या बड्या प्रकाशकांकडे सहसा मध्ये एजंट लागतो. दचकू नका, आरटीओचा, विम्याचा, प्लॉटचा एजंट आपण पाहिलाय; हा साहित्याचा. फरक इतकाच की हा आधी दमडी मागत नाही. पुस्तक विकलं गेलं तर लेखकाच्या मिळकतीतले साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा २०. इथेच सावध व्हा. फुकट वाचतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. त्यापेक्षा जो वाचनशुल्क आगाऊ घेतो आणि दोनच दिवसांत तुमची कादंबरी ‘जागतिक दर्जाची’ असल्याचं कळवतो, तो माणूस विश्वासाचा.

आता पत्र. या मंडळींची अपेक्षा भलतीच कंजूष असते. एक पान, तीनेकशे शब्द. त्यात कादंबरीचा प्रकार, शब्दसंख्या, तिच्या जातकुळीतली अलीकडची एक-दोन पुस्तकं, गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आडवं काय येतंय, आणि शेवटी लेखकाबद्दल दोन ओळी. दोन! आपल्याकडे सोसायटीच्या सभेत नुसतं ‘माझं एक म्हणणं आहे’ म्हणायला याहून जास्त शब्द लागतात.

तेव्हा सुरुवात स्वतःपासून करा. आठवीतल्या निबंधस्पर्धेचं बक्षीस, वाचनाची गोडी आईनं कशी लावली, बँकेच्या स्मरणिकेतला लेख, एकसष्टीचा सत्कार. शालीसकट फोटो जोडा. श्रीफळ नीट दिसतंय ना, बघा. मग ‘मित्रपरिवाराच्या आग्रहाखातर’ हे शब्द आलेच पाहिजेत. गोष्टीविषयी एवढंच लिहा की ती मानवी जीवनाचे विविध पैलू उलगडते आणि सर्व वयोगटांना आवडेल. कुणाची, कुठली, कसली, हे सांगितलंत तर उत्सुकता राहणार कशी?

शब्दसंख्या लपवू नका. पहिल्या कादंबरीला ८० हजार ते १ लाख शब्द बरे पडतात, असं तिकडे साधारण मानतात. तुमची २ लाख ४० हजारांची आहे हे अभिमानानं कळवा, आणि हा पहिलाच भाग आहे हेही. तुलना करायची तर नोबेलवाल्यांशी करा. परवा-तेरवा आलेल्या पुस्तकांशी कसली तुलना, ती वाचावी लागतात.

एजंट पहिली तीन प्रकरणं आणि गोष्टीचा सारांश मागतो. तुम्ही चौदावं, बाविसावं आणि एकतिसावं पाठवा, कारण कादंबरी खरी पकड घेते ती तिथे. पहिल्या तेरांत नुसती वंशावळ आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पत्र एकच करा आणि साठ जणांना एकदम धाडा, सगळ्यांचे पत्ते वर दिसतील असं. मायना ‘डिअर सर’. त्यातल्या पुष्कळ बाया असतात, पण मायन्यासाठी चौकशा कोण करतो? कुणी ‘कविता पाठवू नका’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर त्यानं अजून तुमची कविता वाचलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मुळात ही माणसं वाचतात कशी, ते ऐका म्हणजे कीव येईल. दिवस जातो आधीच्या लेखकांचे करार आणि हिशेब निस्तरण्यात. नव्यांची पत्रं उघडतात रात्री, नाहीतर आगगाडीत. कधी आधी मदतनीस वाचतो. एका पत्राला मिनिट-दोन मिनिटं. वाचताना डोक्यात एकच प्रश्न: हे मी कोणत्या संपादकाच्या गळ्यात घालू शकेन? नाव सुचलं तर पुढची पानं उघडायची, नाही सुचलं तर पुढचं पत्र. ही का रसिकता? तांदूळ घेताना आपण मूठभर हातात घेऊन बघतो, पण निदान वास तरी घेतो.

नकार येईल तो गोड असेल. ‘लेखन चांगलं आहे, पण माझ्या यादीत बसत नाही.’ लग्नाच्या बाजारात यालाच ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणतात. तुम्ही स्वतः धाकट्याच्या वेळी चार ठिकाणी हे कळवलंत, आणि एकाही घरी पत्रिका उघडलीसुद्धा नव्हती. तरीही इथे मात्र कारण विचाराच. दोन पानी खुलासा पाठवा. काही जण तर आठ-बारा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर नकार समजावा, असं आधीच सांगून ठेवतात. अशांना फोन करा, तिकडची सकाळ गाठून. (मी एकेकाळी दिवाळी अंकांना कविता पाठवायचो, सोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेलं पाकीट. ‘साभार परत’ यायचं, पण यायचं तरी.)

आमच्या समोरच्या काकांनी परवा आपलं पत्र मला तपासायला दिलं. सगळं जागच्या जागी होतं: सत्कार, आग्रह, पैलू. चौथ्या पानावर सहीच्या खाली मात्र ‘ता. क.’ घालून बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कादंबरी १२ जुलै १९६१ या एका दिवसात घडते. पानशेत फुटलंय. नारायण पेठेतल्या सावकाराच्या ओसरीवर अंथरुणाला खिळलेले वडील, आतल्या खोलीत लोकांच्या गहाण दागिन्यांची पेटी. पाणी उंबऱ्याशी आलंय आणि माडीवर एकच खेप होणार आहे.’

मी म्हटलं, ‘काका, हा ता. क. काढा. पान उगाच वाढतंय.’

त्यांनी लगेच काढला. त्या जागी आता शालीचा फोटो छान मोठा बसलाय.