फुगा

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीची रक्तातली खूण, 6.2 आला. साधारण चारपर्यंत चालतो म्हणे. डॉक्टर म्हणाले, "लगेच तुकडा काढायची सुई नको काका, आधी एमआरआय करू." मी घाबरलो नाही. घाबरलो ते संध्याकाळी, कट्ट्यावर.

"फुगा घालतात," अण्णा हळूच म्हणाले.

"कुठे?"

अण्णा काही बोलले नाहीत, नुसते बाकावर अंग चोरून बसले. त्यांची तपासणी पंधरा वर्षांपूर्वीची.

रात्री मोबाईलवर पाहिलं, तर फुगा खरा निघाला. प्रोस्टेट अक्रोडाएवढी, तीही गुदाशयाला खेटून. तिचे संकेत टिपणारी कॉइल जितकी जवळ, तितकं चित्र स्वच्छ. म्हणून जुन्या दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रांसाठी ती फुग्यात घालून मागच्या दाराने धाडत. झोप उडाली.

सकाळी सेंटरवरच्या पोराला कोपऱ्यात गाठून विचारलं. "ते आता नाही काका. मशीन 3 टेस्लाचं आहे, कॉइल पोटावरच ठेवतो." पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठ हजारपट ताकदीच्या चुंबकाचे एवढे उपकार होतील असं वाटलं नव्हतं. त्याला मिठीच मारणार होतो, पण हातात गाउन आला.

या गाउनच्या नाड्या मागे असतात. त्या बांधायला तिसरा हात लागतो, तो देवाने दिलेला नाही. दोन्ही हातांनी मागची बाजू आवळून, भिंतीला पाठ लावत खेकड्यासारखा निघालो. समोरच्या बाकावर सोसायटीतले जोशीकाका, सपत्नीक. "नमस्कार!" म्हणाले. मी मान हलवली. उद्दाम म्हातारा म्हणून माझी कीर्ती तिथून सुरू झाली.

आत कॉइलचं ते दप्तर पोटावर पट्ट्याने आवळलं, कानाला हेडफोन, हातात घाबरल्यावर दाबायचा रबरी फुगा. (फुगा शेवटी मिळालाच.) आतडी शांत राहावीत म्हणून इंजेक्शन झालं होतं, माझी आदल्या रात्रीपासूनच गारठलेली. "हलू नका" म्हटल्याबरोबर नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. यंत्र आधी पिठाच्या गिरणीसारखं, मग दार ठोठावणाऱ्या वसुलीवाल्यासारखं वाजलं. चित्र उठावदार करणारं शिरेतलं औषध नसलेली छोटी तपासणी होती, वीसेक मिनिटांत सुटलो.

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. फुगा नाही म्हटल्यावर आपली फसवणूक झाल्यासारखा त्यांचा चेहरा पडला.

"मग त्रास कसला झाला?"

"नाड्यांचा."

अण्णा एकदम खुलले. "म्हणजे त्या अजून मागेच आहेत?"