दुपटं विकायला नाही

आज एका बारशाला जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं तापलंय. लिहून टाकते.

बाळासाठी मी दुपटं, झबलं आणि खणाची कुंची नेली होती. तिन्ही माझ्या हातची. बाळाच्या आईनं फार मायेनं घेतली, तिच्याबद्दल चकार शब्द नाही. पण शेजारी बसलेल्या एकीनं लगेच विचारलं, "ऑर्डरी घेतेस का गं? केवढ्याला देतेस?" आणि दुसरी म्हणाली, "तुला बाई वेळ बरा मिळतो!"

वेळ मिळत नाही हो, काढावा लागतो. ऑफिस, घर, सासूबाईंचं पथ्यपाणी, सगळं उरकून रात्री सुई हातात येते. बाळाला मी तोच वेळ दिलाय. त्याला भाव कसला लावता?

माझी आजी साताऱ्याकडची. वरच्या आळीतल्या भाऊबंदांशी आमचं बांधावरून वाकडं होतं, कोर्टापर्यंत गेलेलं. बोलणं बंद, हळदीकुंकू बंद. त्यांची सून बाळंत झाली तेव्हा आजीनं आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढलं, फाडून घड्या घातल्या आणि दुपटं शिवायला बसली. आजोबा म्हणाले, "त्यांच्याकडं कशाला?" आजी मान वर न करता म्हणाली, "बांध मोठ्यांचा हाय, लेकराचा न्हाई." ते दुपटं घेऊन मीच गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या काकूंनी ते गालाला लावून पाहिलं आणि तिथल्या तिथं बाळाखाली घातलं.

त्यांनी नाही विचारलं केवढ्याला पडलं म्हणून!

आणि जुनं लुगडं म्हणजे काटकसर, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोऱ्या कापडाला हात लावून बघावा. खळ असते त्यात. तान्ह्या अंगाला ते खरखरतं. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती लुगड्याचा मऊपणा दुकानात मिळत नाही. आजीनं माझ्यासाठी शिवलेलं झबलं आईनं ट्रंकेत जपून ठेवलं होतं. शिवायला शिकताना मी तेच समोर ठेवलं, त्यावरून कागद कापला. शिवणी बाहेरच्या अंगाला दिसल्या तेव्हा वाटलं, उलटं आहे की काय. उलटं नव्हतं. आतून शिवण बाळाला टोचू नये म्हणून तसं होतं. बटणं नाहीत, नुसत्या नाड्या. धावदोरा इतका बारीक की नख अडकत नाही. शाळेत न गेलेल्या बाईनं हा सगळा विचार केला होता. मी त्या झबल्यावर हात फिरवत कितीतरी वेळ बसले होते.

आपल्याकडं आता हौसेला किंमत नाही, विक्रीला आहे. हीच गोधडी प्रदर्शनात चिठ्ठी लावून टांगली की 'वॉव, हँडमेड!' आणि घरच्या बाईनं शिवून दिली की 'रिकामा वेळ'. संताप येतो. कुणी चांगलं गायलं की कार्यक्रम कर, चांगला स्वयंपाक केला की डबे सुरू कर, शिवलं की ऑर्डरी घे. नुसतं कुणाला तरी द्यावं म्हणून काही करायचंच नाही का?

मान्य, शिवून विकणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं आणि त्यांना पैसे पुरेपूर मिळालेच पाहिजेत. तेही सोडा, आजीला तरी कुठं हौस होती! मिरगाआधी घरातल्या सगळ्या वाकळी तिलाच शिवायला लागायच्या, पाठ धरायची. हेही खरं. पण वरच्या आळीच्या त्या दुपट्याची तिच्यावर कुणी सक्ती केली नव्हती. उलट सगळ्यांचा विरोध होता. बांधाचा दावा पुढंही चालू राहिला, बोलणं काही सुरू झालं नाही. तिनं त्यासाठी दिलंच नव्हतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या दोघी वाईट नाहीत, मला माहीत आहे. कौतुकच करायचं असेल त्यांना, फक्त भाव विचारण्यापलीकडं आपल्याला शब्द सुचेनासे झालेत.

तर, ऑर्डरी मी घेत नाही. पण कुणाला शिकायचं असेल तर रविवारी दुपारी खुशाल घरी या. येताना घरातली जुनी सुती साडी आणा, फॉल उसवून, धुऊन, उन्हात वाळवून. सिंथेटिक नको, बाळाला घाम येतो. सुई, दोरा, कात्री माझ्याकडं आहे. त्या दोघींनाही मेसेज केलाय.