माझं मत अस्तुला

आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, मराठीतला सगळ्यात मोठा दिग्दर्शक कोण, आणि पार्ट्या दोनच, एक व्ही. शांतारामांची नि दुसरी नागराज मंजुळेची. मंजुळेचं म्हणाल तर सैराटने कितीही कोटी कमावू देत, फँड्रीच्या शेवटी जब्या तो दगड भिरकावतो त्याची सर कशालाच नाही. पण एवढ्या मेसेजेसमध्ये अस्तु सिनेमा करणाऱ्या सुमित्रा भावेंचं नाव एकानेही काढलं नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

मी सात वर्षं टोकियोत आहे, निशिकासाईला. आलो तेव्हा जपानी सिनेमा म्हणजे कुरोसावा, सेव्हन समुराई, एवढंच डोक्यात. मग ओझू या जपानी दिग्दर्शकाचा १९५३ चा टोकियो स्टोरी बघितला. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे येतात, मुलगा डॉक्टर, मुलीचं पार्लर, वेळ कोणालाच नाही, म्हणून त्यांना अतामीला गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवून देतात. ऑफिसातून सुट्टी काढून बसने शहर दाखवते ती नोरिको, युद्धात गेलेल्या मुलाची बायको. कॅमेरा एवढा खाली, जमिनीवर बसलेल्या माणसासारखा, की आपणच त्यांच्या घरात मांडी घालून बसलोय असं वाटतं.

बघताना सारखा अस्तु आठवत होता. सुमित्रा भावे नि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीचा माझ्या मते सगळ्यात मोठा सिनेमा. मोहन आगाशेंचे शास्त्री, संस्कृतचे एवढे पंडित, स्मृती गेलीय, हत्तीच्या मागे मागे चालत जातात आणि पोटच्या पोरासारखं त्यांना सांभाळते ती माहुताची बायको. अमृता सुभाषला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मिळायलाच हवा होता. आणि शास्त्रींची मुलगी काही अमेरिकेत नाही हो, तिथेच राहते, जीव लावते, तरी एका क्षणात वडील हातातून निसटतात. भारतात कुठल्याही लग्नात गेलं की "पोरं परदेशात, आईबाप एकटे" हे ऐकवतात ना, मला ते लागतं, कारण ते पूर्ण खोटंही नाही, पण एवढं सोपंही नाही.

माझ्या बाबांच्या गोळ्या सध्या शेजारच्या काकू बघतात. साताऱ्यात. रोज रात्री जेवणानंतर स्वतः जाऊन देतात आणि मला "झालं" एवढाच मेसेज टाकतात, इथे तेव्हा मध्यरात्र असते, तो आल्याशिवाय मी झोपत नाही. काकूंनी अस्तु बघितलेला नाही. दिवाळीत जाईन तेव्हा त्यांना नि बाबांना शेजारी बसवून लावणार आहे.